पठारावरचे धान आणि पावसाचा भरवसा

बालाघाट जिल्ह्यात घाट चढून परसवाड्याकडे गेले की धुऱ्यांनी आखलेल्या बांध्या दिसतात. त्यांच्या कडेला एखादी बोडी, म्हणजे छोटे तळे, असते, मोहाच्या सावलीत जनावरे उभी असतात आणि मागे सालाचे रान सुरू होते. पाहणाऱ्याला वाटते, हे सारे पूर्वापार असेच असणार. तसे ते नाही. ह्या पठारावर पहिली गावे लक्ष्मण नाईक नावाच्या माणसाने वसवली, आणि तीही एकोणिसाव्या शतकात, असे इंग्रजी अमदानीतली गॅझेटियरे सांगतात. ‘पहिली गावे’ म्हणजे अर्थातच नांगराची आणि साऱ्याची गावे. बैगा आणि गोंड त्याआधीही तिथे होतेच, पण जो सारा भरत नाही तो सरकारी वहीत सापडत नाही. रानात कोरीव दगडांचे एक जुने देऊळही इंग्रजांना आढळले होते. म्हणजे लक्ष्मण नाईकाच्या कितीतरी आधी कोणीतरी इथे नांदून गेले होते.

हा इतिहास आठवण्याचे कारण आजचे आहे. हवामान बदलाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा अशी चालते की निसर्ग हजारो वर्षे एका घडीचा होता आणि आता ती घडी विस्कटली. परसवाड्यापुरते बोलायचे तर ही घडीच मुळी दीड-दोनशे वर्षांपूर्वी घातलेली आहे. वरच्या पठारावर धान न्यायचे, बैगांची बेवर ही फिरती शेती बंद करायची, साल राखीव करायचा, तेंदूपानाचा महसूल करायचा, हे सगळे माणसांनी घेतलेले निर्णय होते. मृगात सुरू होणारा, श्रावणात भरपूर पडणारा आणि हस्तापर्यंत पुरणारा पाऊस त्या प्रत्येक निर्णयात गृहीत धरलेला होता. आता पाऊस ते वेळापत्रक पाळत नाही. तेव्हा नुसते पावसाकडे बोट दाखवून भागणार नाही. त्याच्या भरवशावर काय काय उभे केले, तेही तपासावे लागेल.

पठाराची ठेवण आधी लक्षात घेतली पाहिजे. बैहर-परसवाड्याचा हा उंच भाग समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे आणि तो दोन मोठ्या नद्यांचा पाणलोट वेगळा करतो. बंजर, हालोन आणि जमुनिया उत्तरेकडे नर्मदेला मिळतात, तर नहरा, उस्काळ आणि बाघ वैनगंगेला. एकाच डोंगररांगेवर पडलेल्या पावसाचा काही भाग भडोचजवळ अरबी समुद्रात जातो आणि काही भाग भंडारा, गडचिरोली, गोदावरी असा फिरून बंगालच्या उपसागरात. रानाचेही तसेच. सालाचे सलग जंगल हिमालयाच्या पायथ्याकडून आणि पूर्वेकडून येत येत ह्याच भागात आपली नैर्ऋत्य हद्द गाठते. पुढे सागाचे राज्य. एखाद्या झाडाच्या प्रदेशाच्या मध्यभागी पाऊस थोडा मागेपुढे झाला तर झाड ते सोसते. हद्दीवरच्या झाडाला तेवढी उसंत नसते.

मराठी वाचकाला बालाघाट आता परका वाटतो, पण तो नेहमी तसा नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा हा भाग. १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला ह्या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी हा जिल्हा केला आणि पुढे तो नागपूर विभागातच राहिला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मात्र मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी तशाच चालू राहिल्या. गोंदियाच्या बाजारात आजही पोवारी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते. वर्तमानपत्रांच्या नकाशावर मात्र बाघ नदीपाशी जग संपते.

धान वर नेणारे मुख्यतः पोवार. ह्यांनी चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत भाग घेतला आणि त्याबद्दल वैनगंगेच्या खोऱ्यात पडीक, झाडोऱ्याची जमीन मिळवली, असे मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर लिहिणारा रसेल १९१६ च्या आपल्या ग्रंथात सांगतो, आणि तळी बांधण्यात आणि धानाला पाणी देण्यात ह्यांचा हात धरणारा ह्या मुलखात कोणी नाही असेही म्हणतो. जिल्हा नवा झाला तेव्हा वरचा भाग ‘ओसाड’ होता, म्हणजे महसूल देत नव्हता. ब्लूमफील्ड नावाच्या डेप्युटी कमिशनरने पोवारांना घाटावर आणून वसवण्याचा उद्योग मन लावून केला. ह्याच ब्लूमफील्डने १८८५ साली बैगांवर टिपणे प्रसिद्ध केली. एकाच माणसाने एका हाताने नांगर वर आणावा आणि दुसऱ्या हाताने नांगर न धरणाऱ्यांची नोंद करून ठेवावी, ह्यात त्या काळाला काही विसंगत वाटले नाही.

पोवारांची कर्तबगारी कमी लेखण्याचे काही कारण नाही. खालच्या मोरंड आणि कन्हार जमिनीत जे जमले ते वरच्या सिहार आणि बरडीत जमवायचे, उतार कापून बांध्या पाडायच्या, ओढ्याच्या तोंडाशी पाळ घालून बोडी करायची, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट आहेत. शेतकऱ्याने सगळे काही एकाच डावावर लावलेही नव्हते. उंचावरच्या बांधीत हलका धान, मधल्या बांधीत मध्यम आणि ओलीच्या खोलगट जागी भारी धान अशी वाटणी होती. काही ठिकाणी रोवणी, काही ठिकाणी आवत्या. धान कापायच्या आधी ओलीत लाखोळी फेकून ठेवायची. पावसाने दगा दिला तर कोठे काय उरेल, ह्याचा हिशेब ह्या मांडणीत होता.

तरीही १८९६ ने तो हिशेब मोडला. त्या वर्षी पाऊस सुरू बरा झाला आणि वेळेआधी उठून गेला. धानाला पोटरीत असताना पाणी मिळाले नाही तर आधीचा सगळा पाऊस वाया जातो. १८९९ मध्ये तर पावसाने जवळपास पाठच फिरवली. १९०१ च्या शिरगणतीत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी. दर सात माणसांमागे एक माणूस नाहीसा. जन्म धरले तर मृत्यूंचा आकडा ह्याहून मोठा होतो.

आज आपल्याला ठाऊक आहे की ही दोन्ही वर्षे प्रशांत महासागरातल्या एल निनोच्या जोरदार फेऱ्यांशी जुळतात. तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. ह्याच दुष्काळांनी हादरलेल्या सरकारने १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती भारताच्या हवामान खात्याच्या प्रमुखपदी आणला, आणि पावसाचा अंदाज शोधता शोधता त्याला प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा तो मोठा झोका सापडला. बैहरच्या बांधीत धान का करपले, त्याचे एक उत्तर पेरूच्या किनाऱ्यावर होते.

एक उत्तर म्हणतो, कारण दुसरे उत्तर जिल्ह्यातच होते. पावसाने पीक जाते. माणसे मरतात ती धान्य परवडत नाही, काम उशिरा निघते आणि जंगलात शिरायला मनाई असते म्हणून. ह्या शेवटच्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बैगांची बेवर म्हणजे डोंगरउतारावरचा छोटा तुकडा. उन्हाळ्यात झाडे-झुडपे तोडून वाळवायची, पावसाआधी जाळायची आणि राखेत बी फेकायचे. नांगर नाही, बैल नाहीत. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा रानाला परत द्यायचा आणि पुढे सरकायचे. त्या एका तुकड्यात कोदो, कुटकी, मका, तूर, बरबटी, भोपळे अशी डझनभर बिये एकत्र पडत. एकाचा हंगाम भाद्रपदात, दुसऱ्याचा दिवाळीला, तिसऱ्याचा पौषात. पाऊस मध्येच तुटला तर कुटकी हाती लागे, उशिरापर्यंत राहिला तर तूर साधे. १८६० नंतरच्या दोन-तीन दशकांत वनखात्याने ही शेती बालाघाट-मंडल्याच्या बहुतेक रानांतून मोडून काढली आणि १८९० साली मंडला जिल्ह्यातल्या एका कोपऱ्यात ‘बैगा चक’ आखून तेवढीच मुभा ठेवली. व्हेरियर एल्विनच्या १९३९ च्या ग्रंथात त्या बंदीनंतरच्या बैगांचे चित्र आहे. बंदीनंतर काही वर्षांतच १८९६ आले.

बेवर परत आणा असे सांगण्याचा हा खटाटोप नाही. विरळ लोकवस्तीत जमणारी ती रीत आज ह्या रानाला पेलणार नाही, आणि बैगांची तरुण मुले ती मागतही नाहीत. मुद्दा एवढाच की, बेवर मोडताना झाडे वाचवल्याचे श्रेय खात्याने घेतले, पण पठारावरची पावसाच्या लहरीला सर्वांत कमी बांधलेली शेती आपण मोडतो आहोत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि झाडे तरी कशासाठी वाचवली? सालाचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरला हवे होते. गोंदियाहून जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी रेल्वे दुष्काळानंतर काही वर्षांतच ह्याच जिल्ह्यातून धावू लागली.

आता सालाकडे पाहू. सालाचे बी जूनमध्ये गळते, आणि गळल्यावर आठ-दहा दिवसांत त्याची रुजण्याची ताकद संपते. बहुतेक झाडांचे बी मातीत वाट पाहत राहते. सालाला ती सोय नाही. मृगाचा पाऊस त्या आठवड्यात आला तर जमिनीवर पंखांसकट पडलेले बी लगेच कोंब धरते. पाऊस पंधरा दिवस लांबला तर त्या वर्षीची पिढी पाखरांच्या, मुंग्यांच्या आणि तेलासाठी बी वेचणाऱ्या बायांच्या टोपलीत जाते. उभे झाड शंभर वर्षे जगते, म्हणून एखाद-दुसऱ्या वर्षाने काही बिघडत नाही. पण पहिला पाऊस येऊन मग तीन आठवडे दडी मारण्याची खोड लागली तर रान दिसायला तसेच राहते आणि खालून पोकळ होते. उपग्रहाच्या चित्रात बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग हिरवा दिसतो. खाली रोपटी उगवताहेत की नाहीत, ते त्या हिरव्या रंगात दिसत नाही.

सालाचा एक शत्रू पावसाबरोबरच जागा होतो. साल बोरर नावाचा भुंगा पहिल्या सरींनंतर खोडातून बाहेर पडतो आणि अशक्त झाडांच्या सालीत अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात आणि बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. मंडला-बालाघाटच्या रानांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याची मोठी साथ येऊन गेली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा आली. लाखो झाडे गेली आणि लागण झालेली झाडे तोडावीत की नाहीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. त्या साथीत गावकऱ्यांना भुंगे पकडण्याची मजुरी मिळत असे. सालाचा ओला ओंडका कापून त्याची साल दगडाने ठेचायची, रस पाझरू लागला की त्याच्या वासाने दूरदूरचे भुंगे येऊन चिकटतात, ते वेचायचे, मुंडके मोडायचे आणि मोजून द्यायचे. मुंडक्यांची मोजदाद आणि त्यावर पैसे. शंभर वर्षांची वनविद्या शेवटी इथे येऊन थांबली होती. ह्या साथींचे एकमेव कारण हवामान आहे असे म्हणता येणार नाही. एकाच जातीचे, एकाच वयाचे रान राखण्याच्या धोरणाचाही त्यात वाटा आहे. पण पाण्याच्या ताणाने अशक्त झालेले झाड भुंग्याला आधी सापडते.

पाऊस खरोखर बदलला आहे का, की म्हाताऱ्यांची ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हीच जुनी तक्रार आहे? ह्या प्रश्नाचे चोख उत्तर पुण्यातून आले आहे, म्हणून मराठी वाचकाला ते माहीत असायला हरकत नाही. भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की विसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे दिवस घटले. दोन्ही मिळून हंगामाची बेरीज फारशी हलली नाही, म्हणून जिल्ह्याच्या सरासरीत हा बदल लपून राहिला. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पुढचे पाऊल टाकले. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतातल्या मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्रावरून उसळून येणारी वाफ आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या हवामान अहवालानेही हेच चित्र मान्य केले: देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढले, आणि मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पावसाचे प्रसंग १९५० पासून सुमारे ७५ टक्क्यांनी.

धानाला ह्याचा अर्थ फार सरळ आहे. त्याला जुलै-ऑगस्टमध्ये दररोज थोडे, बांधीत साचून राहणारे पाणी लागते. चार दिवसांत पडलेला महिन्याचा पाऊस धुरे फोडून नाल्याला जातो, आणि पुढचे वीस दिवस बांधीला भेगा पडतात.

पऱ्ह्यांचेच पाहा. रोहिणी-मृगात एका कोपऱ्यात पऱ्हे टाकले जातात. एकवीस ते पंचवीस दिवसांचे रोप रोवले तर त्याला फुटवे चांगले येतात. चिखलणीपुरता पाऊस आला नाही तर रोप जागच्या जागी वाढत राहते, महिन्याचे होते, चाळीस दिवसांचे होते. मग पाऊस येतो आणि साऱ्या पंचक्रोशीत एकाच आठवड्यात रोवणी निघते. बायांची मजुरी वाढते, तरी माणूस मिळत नाही. ज्याच्याकडे रोख आहे त्याची बांधी आधी लागते. जून झालेले रोप उपटताना मुळे तुटतात, लावल्यावर ते पिवळे पडते आणि फुटव्यांऐवजी लवकर लोंबी धरते. लोंबी आखूड, दाणे कमी. कृषी सहायक अशा शेतात उत्पन्न घटल्याचे कारण विचारेल तर ‘पाऊस कमी’ असे लिहिता येत नाही, कारण पर्जन्यमापकावर सरासरी भरलेली असते.

रात्रीच्या उकाड्याचे तर कोणी बोलतच नाही. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरच्या नोंदींवरून २००४ मध्ये असे दिसले की हंगामातले किमान तापमान एका अंशाने वाढले तर धानाचे उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते. दिवसा कमावलेले रोप रात्री श्वासात खर्चून टाकते. थंड रात्री हे घाटावरच्या पठाराचे खालच्या मुलखापेक्षा मोठे भांडवल होते.

आणि मग कापणी. पूर्वी दसऱ्यानंतर आकाश मोकळे, हे ठरलेले. धान कापून कडपा बांधीतच वाळत ठेवायच्या, चार दिवसांनी उचलून पुंजणे रचायचे, सवडीने चुरायचे. आता बंगालच्या उपसागरातली वादळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथवर पाऊस आणतात आणि कडपा पाण्यात भिजतात. दोन दिवसांत लोंबीवरच दाण्याला कोंब फुटतात. जे वाचते ते खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या यंत्रात अडकते: आधारभूत किमतीला १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. पीकविम्यात कापून पसरलेल्या पिकाची चौदा दिवसांपर्यंत सोय आहे, पण नुकसान ७२ तासांत कळवायचे असते. ज्या गावात त्याच वादळाने वीज आणि मोबाइलचा टॉवर दोन्ही गेलेले असतात तिथे हे ७२ तास कसे मोजायचे, हा साधा प्रश्न आहे.

ह्या सगळ्यात सुगंधी चिन्नोरची गोष्ट विशेष आहे. घाटाखालच्या वारासिवनी-लालबर्रा भागात पिकणाऱ्या ह्या वाणाला बालाघाटच्या नावाने २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा बराच गवगवा झाला आणि तो योग्यच होता. पण चिन्नोर हा लांब मुदतीचा धान. हस्ताचा पाऊस चुकला की आधी मरतो तो हाच. म्हणून शेतकरी सव्वाशे दिवसांच्या आतल्या एमटीयू १०१० कडे वळला आहे, आणि त्याला दोष देता येणार नाही. मानांकन वाणाच्या नावाला संरक्षण देते, पाण्याला नाही.

ज्यांच्याकडे बांधीच नाही, त्यांचे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. परसवाड्याच्या गोंड-बैगा घरांत फाल्गुन-चैत्राचा मोह आणि वैशाखातले तेंदूपान म्हणजे वर्षाची रोख रक्कम. मोहफूल पहाटे गळते. गारपीट झाली किंवा फुलोऱ्यात ढग धरून राहिले तर बहर झडतो. तेंदूपानाचा व्यापार मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये सरकारी केला. पन्नास पानांची गड्डी बांधून फडावर उन्हात मांडतात, आणि मे महिन्यातल्या एका वळवाच्या सरीने फडावरची पाने काळी पडतात. पानाचा दर्जा गेला की बोनस जातो. पीकविमा पिकाचा असतो. मोहाला विमा नाही. मग घरातली दोन माणसे नागपूर-हैदराबादची गाडी धरतात. २०२० च्या टाळेबंदीत तिकडून पायी परतणाऱ्यांच्या रांगा साऱ्या देशाने पाहिल्या. ती माणसे गावाबाहेर का पडली होती, हे मात्र फार थोड्यांनी विचारले.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला महापूर आला. वरच्या पाणलोटात दोन-तीन दिवस धुवाधार कोसळले, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले, आणि बालाघाटच्या पाठोपाठ गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत घरे, धान आणि जनावरे वाहून गेली. महाराष्ट्रात त्याची बातमी भंडाऱ्याचा पूर म्हणून झाली. पाणी मात्र सातपुड्याच्या उतारावर पडले होते. उतारावर साल उभा आहे की नाही, बोड्या गाळाने भरल्या आहेत की नाही, मॅंगनीजच्या खाणींचे मातीचे ढिगारे ओढ्यांना सोडून आहेत की नाही, ह्यावर त्या पुराची उंची काही अंशी तरी ठरते. परसवाडा तालुक्यातल्या उकव्याला मॅंगनीजची जुनी खाण आहे. तिच्यातून रोजगार मिळतो हे खरे, पण पाणलोटाचा विचार करताना ती वेगळी ठेवता येत नाही.

उपाय म्हणून सध्या जे पुढे येते त्यात झाडे लावण्याचा सोहळा पहिला आणि मोठ्या धरणांची मागणी दुसरी. दोन्ही गोष्टी ह्या पठाराच्या दुखण्याच्या जवळपास जात नाहीत. इथे झाडांची संख्या कमी नाही. कमी आहे ती रानातली विविधता आणि नवी पिढी. पाणीही कमी नाही. ते चार दिवसांत येते आणि निघून जाते. त्याला अडवायला पोवारांच्या जुन्या बोड्यांइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण १९५१ ला मालगुजारी गेल्यावर बहुतेक तळी सरकारजमा झाली आणि त्यांचा गाळ काढणे हे कोणाचेच काम उरले नाही. मालगुजारी जाणे गरजेचे होते, त्याबद्दल हळहळ नको. तळ्यांची व्यवस्था लावायची राहून गेली, ती सत्तर वर्षे राहूनच गेली आहे.

दुसरी राहून गेलेली गोष्ट कोदो-कुटकीची. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि दिल्लीच्या मेजवान्यांत कुटकीची खीर आली. केंद्राच्या आधारभूत किमतीच्या यादीत ज्वारी, बाजरी आणि नाचणी आहेत, कोदो-कुटकी नाहीत. बरडीवरचा शेतकरी कोदोऐवजी धान लावतो ते परंपरेने नव्हे, तर धान हमखास विकले जाते म्हणून. ज्या जमिनीत धान मुळात रुजायला नको होते तिथे सरकारी खरेदीने ते टिकवून ठेवले आहे, आणि पाऊस तुटला की पहिला फटका त्याच जमिनीला बसतो. पाऊस दिल्लीच्या हातात नाही. खरेदीची यादी आहे.

आणि वैनगंगेबद्दल भोपाळ आणि मुंबईने एकत्र बसण्याची गरज आहे. बाघ आणि बावनथडी हे दोन्ही राज्यांचे संयुक्त प्रकल्प. त्यांच्या पाण्याची वाटणी ठरवायला अधिकारी भेटतात. पुराच्या पाण्यासाठी तशीच नेहमीची बैठक हवी, पावसाळ्याआधी, आणि तीत शिवनी, बालाघाट, गोंदिया आणि भंडारा ह्या चारही जिल्ह्यांचे लोक हवेत. घाटावरच्या प्रत्येक मोठ्या गावात स्वयंचलित पर्जन्यमापक आणि त्याची नोंद तासाभरात भंडाऱ्याच्या पूर नियंत्रण कक्षात, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. धरणाचे दरवाजे किती वाजता, किती उघडणार हे खालच्या गावांना आदल्या संध्याकाळी कळले, तर निदान दावणीची जनावरे सोडायला वेळ मिळेल.